जखमेवरचे कोंब

आमचा कारदार खूबराम देवीची सेवा करतो, असं निदान त्याला स्वतःला वाटतं. आजवर त्याने देवळाला एक घंटा दिली, तीही देवीपेक्षा स्वतःचं नाव मोठं कोरून. देवळाचा कारभार हाती आल्यापासून तो पालखीपुढे अशा ऐटीत चालतो, की परक्याला वाटावं मिरवणूक त्याचीच आहे. एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण त्याला मोठा पूर्वज हवा होता.

आमच्या डोंगराच्या धारेवरच्या भगवतीची गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगतं. भटकू नावाच्या नांगऱ्याचा फाळ जमिनीतल्या शिळेला लागला आणि शिळेच्या खांद्यातून रक्त आलं. घाबरलेल्या भटकूने जवाचे कोवळे कोंब उपटून जखमेवर दाबले, तेव्हा रक्त थांबलं. म्हणून जत्रेत देवीच्या खांद्यावर पहिले कोंब भटकूच्या घरचे. त्या घरात आता एकटी खिमदासी उरलीय, सत्तरीची विधवा. वर्षभर तिला कुत्रं विचारत नाही. त्या एका सकाळी मात्र सगळी जत्रा तिच्यासाठी खोळंबते.

यंदा खूबरामने देवळाच्या दाराशी पाटी लावली. तिच्यावर नांगऱ्या म्हणून नाव होतं कारदाराच्या खापरपणजोबाचं.

"काकी, जुन्या कागदांत निघालं," तो खिमदासीला म्हणाला. "तुमचा भटकू नुसता बैल हाकायला होता."

"कुठले कागद? दाखव की."

"तुला वाचता येतं?"

आमच्यातल्या एकानेही तिची बाजू घेतली नाही, याची लाज अजून वाटते. तिने मात्र नेहमीसारखे परातीत जव पेरले.

जत्रेला खूबराम नवी टोपी घालून आला आणि देवीच्या खांद्यावर कोंब ठेवून छाती काढून उभा राहिला. तेवढ्यात देवळाच्या भगताच्या, शेरूच्या, अंगात देवी आली. तो थरथरत ओरडला, "मला फाळ मारणारा कुठाय? लेकरांनो, तोंडं उघडा!"

गोष्टीचा हा भाग दीडशहाण्याने हिशेबातच धरला नव्हता. देवीला फाळ मारल्याबद्दल कोंब ठेवणाऱ्याला सगळ्या गावाने शिव्या द्यायच्या, अगदी कंबरेखालच्या, आणि त्याने टोपी काढून ऐकायच्या. खिमदासीला आम्ही दयेपोटी दोन-चार पुटपुटून मोकळे व्हायचो. याला वाटलं, प्रथाच मेली.

"अरे, मी कारदार आहे!"

"आज नांगऱ्या आहेस! टोपी काढ, घंटेवाल्या!"

पुढच्या शिव्या कागदावर उतरवण्याजोग्या नाहीत. बायकांनी तर त्याच्या सात पिढ्यांची अंथरुणं बाहेर काढली. कित्येक वर्षांचं साठलेलं होतं.

शेवटी कुणीतरी म्हणालं, "काकी, आता तू."

खिमदासी पुढे सरकली, तसा खूबराम रडकुंडीला आला. "बास! माझा कुणी नव्हता नांगऱ्या! हिच्याच घरचा होता तो!"

"मग हो बाजूला," ती म्हणाली. "कोंबसुद्धा उलटे ठेवलेस, मुळं देवीच्या तोंडाकडे."

तिने शालीतून स्वतःचे कोंब काढून देवीच्या खांद्यावर नीट ठेवले. मग डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान खाली घालून आमच्यासमोर उभी राहिली. कुणाचंच तोंड उघडेना.

"द्या की रे," ती म्हणाली. "त्याला दिल्यात तेवढ्याच मोठ्याने."