एकादशीचे पिवळे दाणे

साता समुद्रापलीकडे कुठंशी लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले. दर्यापूरजवळच्या आमच्या गावात मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पार उंबरठ्यापर्यंत कापूस पेरला होता. बांधावर भुईमुगाच्या चार ओळी तेवढ्या मी हट्टानं लावल्या.

दिवाळी सरली आणि माझा भाऊ मला आठ दिवसांसाठी माहेरी, अकोल्याला, न्यायला पायीच आला. दोन वर्षं मी आईचं तोंड पाहिलं नव्हतं. पण मामंजी म्हणाले, "वेचणी चालू हाय. बैल कापूस घेऊन अमरावतीले चालले. पोरीले पोचवाले गाडी कोठून आणू?"

त्या साली बैलांचा मान सुनांपेक्षा मोठा होता. त्यांना निदान पोळ्याची तरी सुट्टी मिळाली होती.

भाऊ ओसरीवर बसून राहिला आणि मी चुलीशी बसून शिदोरी करायला घेतली. जाणं ठरलं नव्हतं, म्हणून काय झालं? चिडले की मी काहीतरी भाजत सुटते, ही माझी जुनी खोड. खापरात वाळू तापवून दाणे खरपूस भाजले, चाळले आणि गरम असतानाच तेल, तिखट, मीठ, जिरं नि हळदीत घोळून मडक्यात भरले.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, उपासाच्या भारी कडक. उपासाला हळद चालत नाही, म्हणून त्या दिवशी हळदीच्या डब्याला माझा हात लागला तरी मला पुन्हा अंघोळ करायला लावायच्या. दुपारी गोठ्यातून येऊन पाहते तो मडकं अर्धं! आत्याबाई भिंतीशी जप करत बसलेल्या. चेहरा अगदी साधूचा, पण बोटं पिवळीधमक.

"आत्याबाई, आज काय खाल्लं जी?"

"काई नाई. पाणी."

"पाणी पिवळं होतं काय?"

त्यांनी हात झटकन पदराखाली घेतला. पदरही पिवळा झाला. "घरातल्या अंधारात दिसलं नाई, माय," त्या पुटपुटल्या. "वास लई चांगला येऊन राहिला होता. कोणाले सांगू नको."

"नाई सांगत जी. पण घरी राहिली तर तोंडातून निंगून जाईन कधी. माहेरी असली तर कोणापाशी बोलू?"

आत्याबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला मनातून भीती वाटत होती, पण मी नजर काही खाली घातली नाही.

संध्याकाळी त्यांनी मामंजींना सुनावलं, "कापूस चार दिवसांत सडत नाई. पोरीले धाडा." कापसाच्या भावात अडत्यापुढंही न नमणाऱ्या मामंजींनी अमरावतीची खेप पुढं ढकलली.

सकाळी गाडी जुंपली. निघणार तेवढ्यात आत्याबाई धावत आल्या. मला वाटलं, बेत फिरला. त्यांनी मडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि कानाशी वाकल्या.

"पुढची एकादशी पंधरा दिवसांनी हाय. तवरिक मायजवळ राहजो. आल्यावर दाणे भाजजो, बिनहळदीचे."

भावानं तर आठच दिवस मागितले होते.