निळा रंग मी टिकू दिला न्हाय

बायकोला न्हाय, दोस्ताला न्हाय — ही गोष्ट माझ्या तोंडातनं कधी भाईर पडलीच न्हाय. तुम्हाला सांगतोय. आत्ताच का, ते मलाबी कळंना.

दोन हजार सालाच्या पुढं-मागं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटर माझ्या ताब्यात हुते. सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स. कुणाला काय बदलायची परवानगी द्यायची, ते ठरवायचा पासवर्ड एकट्या माझ्याकडं. लई रुबाब हुता! पडद्याचा रंग, चित्रं मात्र ज्यानं त्यानं लावावीत, अशी मुभा दिलती. कुणाचा गणपती, कुणाची फटफटी, कुणाचा भगवा. कुणाचं काय बिघडलं? काय न्हाय.

सुजाता कांबळे हातकणंगल्याहून यायची, डिस्पॅचचं काम बघायची. तिनं आपला पडदा निळा केला — वरची पट्टी, खिडक्या, सगळं, हौसेनं. ती बौद्ध. निळ्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक. अकाउंटंट मोठ्यानं म्हणाला, "हितंबी निळं आलं का!" सगळे हसले. मी — मीबी हसलो. आणि त्याच दुपारी तिच्या एकटीच्या सेटिंगच्या फाइली माझ्या नावावर करून टाकल्या. तिला नुसती वाचायची परवानगी, बदल साठवायची न्हाय. कुणी सांगितलं न्हवतं मला.

मग काय — ती रंग लावायची, मशीन बंद केलं की पुसला जायचा. सकाळी पडदा परत करडा. "दादा, माझं काय चुकतंय बगा की," म्हणायची. मी शेजारी बसून शोधल्यासारखं करायचो. लाज वाटायची? वाटायची की! पण कुलूप काढलं असतं तर ते घातलं कुणी, हे तिनं विचारलं असतं. म्हणून रोज नवी थाप. माझ्याच फासात मी अडकलोतो.

खंडेनवमीला फौंड्रीत भट्टीपासनं कॉम्प्युटरपातूर सगळ्याची पूजा. जो तो आपलं मशीन सजवायचा, पडदासुद्धा. मालक फिरत आले, तिच्यापाशी थांबले. "तुमचंच असं ओकंबोकं का ओ?" ती खाली मान घालून म्हणाली, "मला जमंना झालंय, साहेब." मी प्रसादाचं ताट धरून मागंच उभा.

त्याच दिवसांत स्टोअरचं काम कॉम्प्युटरवर यायचं हुतं, आणि ते बघायची जागा तिला पायजे हुती. मालकांनी मला केबिनमध्ये बोलवून विचारलं — बाईंना झेपंल का? तिच्याएवढं हुशार त्या ऑफिसात दुसरं कोण न्हवतं, हे मला पक्कं ठाऊक. व्हय म्हणायचं हुतं. म्हणालो, "साधा रंग टिकत न्हाय त्यांच्याच्यानं, साहेब."

जागा दुसऱ्याला गेली. पुढं तिनं नोकरी सोडली. जाताना मुद्दाम माझ्या टेबलापाशी आली. "तुमी लई मदत केली, दादा," म्हणाली.

मी म्हणालो, "असू दे की."