रांगेच्या शेवटी सुमतीताई

सुमतीताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहावेत, असा निरोप आला आणि मी गोंधळलो. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला सरळसोट बोलायची सवय. पण ताईंविषयी एक वाक्य लिहिले की दुसरे त्याला आडवे येते.

त्यांची माझी पहिली ओळख साताऱ्यात, बेघरांच्या निवाऱ्यासाठी काढायच्या पदयात्रेच्या बैठकीत झाली. सातारा ते उंब्रज चालायचे, प्रत्येकाने ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे देणगी कबूल करून घ्यायची आणि उंब्रजला दान मिळालेल्या जागेवर खोल्या बांधायच्या, असे ठरत होते. रांगेची जबाबदारी अर्थातच माझ्याकडे आली. अध्यक्ष म्हणून ताईंनी सर्वांत पुढे चालावे, असे मी सुचवले. मग मागे कोण, असे त्यांनी शांतपणे विचारले. ताईंनी सांगलीत उभा जन्म परिचारिकेची नोकरी केलेली. वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत फेरी मारल्याशिवाय घरी जायचे नाही, ही त्यांची जुनी शिस्त. त्या शेवटीच चालल्या. अध्यक्षांनी शेपटाला चालावे, हे मला आजही पटलेले नाही.

जीपवरच्या कर्ण्यावरून मीच ओरडत होतो, ‘चला उंब्रजला, बेघरांना हक्काची खोली देऊ.’ वाटेत एक वयस्कर गृहस्थ रांगेत शिरले. पाठीवर गाठोडे, पाऊल अगदी ठोक्यात. आमच्या भागात असे कोणी दिसले की ते माजी सैनिकच, हे आम्ही धरून चालतो. मी त्यांना सलाम केला, टोपी दिली, छातीवर क्रमांक लावला आणि गाठोडे टेम्पोत टाकायला सांगितले. ते काही देईनात. फौजी हट्ट म्हणून मला कौतुकच वाटले. दुपारी त्यांच्या पायाला फोड आले. ताईंनी रस्त्याकडेला बसून त्यांना पट्टी बांधली आणि पुढे त्यांच्याच चालीने चालल्या. वेळापत्रक कोलमडले म्हणून मी ताईंवर चिडलो. त्यांनी ऐकून घेतले आणि मला ताक दिले.

उंब्रजला मंडप सजला होता, हारतुरे सुरू झाले होते. ते गृहस्थ मंडपामागच्या, खोल्यांसाठी मिळालेल्या मोकळ्या जागेत गेले, एका कोपऱ्यात गाठोडे ठेवले आणि परत येऊन मला विचारले,

“आवं सायेब, माजी खोली कंची?”

ते गृहस्थ, दगडूअण्णा, कधी फौजेत नव्हते. महामार्गावरच्या पुलाखाली राहत होते आणि माझी हाळी ऐकून आपली खोली ताब्यात घ्यायला चालत आले होते. मला अतोनात लाज वाटली. पाहुण्यांचे भाषण चालू होते आणि मी खाली मान घालून उभा होतो. तेवढ्यात मागून ताई आल्या.

“खोली बांधायची हाय अजून, अण्णा. तवर माझ्याकडं चला.”

स्वतःचा सत्कार तसाच सोडून त्या अण्णांना घेऊन सांगलीच्या एसटीत बसल्या. आम्ही नारळ हातात धरून त्यांना शोधत राहिलो.

अण्णा आजही ताईंकडेच आहेत. उंब्रजला जोते झाले, पुढचे काम रखडले. तरी आमची मंडळी पदयात्रा यशस्वी झाली म्हणतात. खरेच यशस्वी झाली का, असे मी एकदा ताईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, अण्णा रोज सकाळी खोलीचे विचारतात, त्यांना काय सांगू तेवढे सांगा. आता या ग्रंथात त्यांचे यशाबद्दल अभिनंदन करावे की त्यांची माफी मागावी, ते मला ठरवता येत नाही.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतावे, अशी पद्धत आहे. ताई, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, तुम्ही शंभरी पार करा, हे मी अगदी मनापासून मागतो. मात्र ते तुमच्यासाठी मागतो आहे की माझ्यासाठी, याचा उलगडा होत नाही. तुमच्यामागे अण्णा कुठे जातील, हा विचार आला की मला माझ्याच घरातल्या दोन रिकाम्या खोल्या आठवतात. मुले पुण्याला असतात, खोल्यांना कुलूप असते आणि किल्ली माझ्या खिशात असते. ते कुलूप काढायचा धीर मला अजून झालेला नाही. तोवर तरी, ताई, तुम्ही ठणठणीत राहा.