दादा हरवला नव्हता

गेल्या रविवारपर्यंत जे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही, ते आधीच लिहून टाकतो. म्हणजे मला मागे फिरायला जागा उरणार नाही. क्वालालंपूरला माझा थोरला भाऊ हरवला नव्हता. मी त्याला तिथे टाकून आलो होतो.

आमच्या कणकवलीत हे वाचून काही जण चमकतील. कारण दादा मलेशियात कसा हरवला, ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ती मीच पसरवली. ऑफिसात सांगितली, लग्नांच्या पंगतीत सांगितली, हातवारे करून सांगितली. हल्ली आमच्याकडेही कोणाचा मुलगा दुबईत असतो, कोणाची सून सिंगापुरात. जायच्या आधी माणसं मला विचारायला येतात, तिकडे टॅक्सी करायची की अ‍ॅपवरून गाडी बोलवायची? माझं उत्तर तयार असायचं. अ‍ॅप. भाडं आधी कळतं, गाडीचा नंबर आधी दिसतो, भाषा येत नसली तरी घासाघीस करावी लागत नाही, आपण कुठवर पोचलो ते मुलांना फोनवर बघता येतं. आणि मग हसून पुढे जोडायचो, ‘टॅक्सीच्या नादाला लागलात तर आमच्या दादासारखे हरवाल.’

यातला पहिला भाग मी आजही मागे घेणार नाही. परदेशात पुन्हा गेलो तर पुन्हा अ‍ॅपवरूनच गाडी बोलवीन. मोबाइल आला आणि माणुसकी गेली, असलं काहीतरी माझ्या तोंडून ऐकायला कोणी टपलं असेल तर त्याने दुसरीकडे जावं. मोबाइलने काही केलं नाही. जे केलं ते मी केलं.

दादा टॅक्सी चालवतो. रेल्वे आली तेव्हापासून स्टेशनबाहेरच्या स्टँडवर त्याची गाडी आहे. मालवण, तारकर्ली, कधी कोल्हापूर. स्टँडवर नंबर असतो. जो आधी आला त्याला पहिलं भाडं. एखादं गिऱ्हाईक मागच्या चकचकीत गाडीकडे वळलं तर तो मागचा ड्रायव्हरच त्याला पुढच्या गाडीकडे पाठवतो. दादाने देव फार मानले नाहीत, नंबर मात्र मानला. मी शिकलो, सरकारी नोकरीत लागलो, कसालपलीकडचं आमचं गाव सोडून कणकवलीत ब्लॉक घेतला. साहेबाबरोबर स्टेशनवर जायची वेळ आली की मी दुसऱ्या बाजूने आत शिरायचो. म्हणजे त्या दिवशीचा मी काही अचानक उगवलेला नव्हतो.

मुलगी क्वालालंपूरला नोकरीला लागली तेव्हा तिने आम्हा दोघांना बोलावलं आणि काकालाही आणाच म्हणून हटून बसली. ती कोल्हापूरला हॉस्टेलवर होती तेव्हा प्रत्येक सुट्टीत तिला आणायला काकाच जायचा. वाटेत तिला उलटी होते म्हणून आवळासुपारी खिशात ठेवायचा. दादा आला. नवा पांढरा शर्ट शिवून आला.

दोनतीन दिवस सगळे मिळून हिंडलो. मग बायकोचा गुडघा सुजला, ती घरी राहिली, मुलगी कामावर गेली आणि आम्ही दोघे भाऊ डोंगराच्या गुहेतलं देऊळ बघायला निघालो. पायऱ्या चढताना पुण्याचं एक जोडपं भेटलं. नवरा बँकेतला मोठा अधिकारी. माझ्या तोंडून मराठी ऐकून बोलायला लागला. मीही माझं खातं, माझं पद, मुलीची कंपनी, सगळं सांगितलं. दादा मागून येत होता. त्याची ओळख मी करून दिली नाही.

खाली उतरलो तर रस्त्याकडेला टॅक्स्यांची रांग. दादा सरळ पहिल्या गाडीकडे गेला. ड्रायव्हर म्हातारा, गाडीचं बॉनेट उघडं. मी फोन काढला तसा दादा म्हणाला, “कित्याक रे? हेचो नंबर आसा ना. हेका टाळून जावचा बरा दिसत नाय.”

“ह्या कणकवली नाय, दादा. हयसर असा चलत नाय.”

“रांग थयसर काय नि हयसर काय. तो बिचारो सकाळपासून उभो असतलो.”

मी फोनवरून गाडी बोलावली आणि ती जिथे थांबते त्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो. वळून बघितलं तर दादा त्या म्हाताऱ्याबरोबर बॉनेटमध्ये वाकलेला. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघांचं जोरजोरात चाललं होतं. दादा मालवणीत बोलत होता, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा. नव्या शर्टाच्या बाहीला काळं तेल लागलेलं.

तेवढ्यात ते पुण्याचं जोडपं आलं. त्यांचा रस्ता तोच होता. मी म्हटलं, या ना माझ्याच गाडीने. बाईंचं लक्ष दादाकडे गेलं. “ते आपल्याकडचेच वाटतात हो. तुमच्याबरोबर आहेत का?”

मी म्हणालो, “नाही.”

एवढंच नाही. पुढे असंही म्हणालो, “इथलाच कोणी ड्रायव्हर असेल. आपले लोक सगळीकडे असतात.”

दादाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. त्याने हाक मारली असती तर मी मेल्याहून मेलो असतो. त्याने मारली नाही. तेवढ्यात गाडी आली. आता ‘ये रे दादा’ म्हणायचं तर आधीचं ‘नाही’ गिळावं लागलं असतं. ते गिळवलं नाही. मी दार उघडून त्या दोघांना आधी बसवलं आणि पुढच्या सीटवर बसून निघून गेलो.

त्यांना हॉटेलवर सोडलं आणि दुसरी गाडी बोलावून तसाच परत फिरलो. रांग पुढे सरकली होती. तो म्हातारा नव्हता, दादाही नव्हता. मग मुलीला फोन केला आणि म्हणालो, “अगं, गर्दीत चुकामूक झाली.” ती रजा टाकून धावत आली. तिच्याबरोबर मी देवळाभोवती, दुकानांतून ‘दादा, दादा’ करत हिंडलो. माझ्या हाका खोट्या नव्हत्या. पण त्या ऐकून ती माझी समजूत घालत होती, आणि मी ती घालू देत होतो.

दादाकडे तिकडचं सिमकार्ड नव्हतं. पत्ता त्याने लिहून घेतला नव्हता, मी बरोबर होतो ना. माझा भारतातला नंबर त्याला पाठ होता, तो मी बंद ठेवला होता. पिवळी बिल्डिंग, खाली दुकान, एवढ्या खुणेवर त्या म्हाताऱ्याने त्याला नेऊन सोडलं. मुलगी राहते त्या भागात तशा पिवळ्या बिल्डिंगांची रांगच आहे. चुकीच्या बिल्डिंगच्या पायरीवर तो बसून राहिला. तिथल्या नेपाळी वॉचमनला हिंदी येत होतं. ड्युटी संपल्यावर त्याने दादाला एकेक बिल्डिंग दाखवत फिरवलं, तेव्हा दिवेलागणीला आमचं दार सापडलं.

मुलगी रडत त्याच्या गळ्यात पडली. दादा तिला म्हणाला, “रडतंस कित्याक गो? गर्दी होती. माझाच लक्ष नाय होता. चुकलंय मी.” मग चहा घेतला. माझ्याकडे बघून त्याने फक्त विचारलं, “तू जेवलंस?”

त्याने मला वाचवलं आणि मी त्याची गोष्ट केली. घरी आल्यावर लोक विचारायच्या आत मीच सांगायला लागलो, कारण सगळे हसत असले की कोणी नीट विचारत नाही. रस्ता चुकला असं ड्रायव्हरला म्हणणं म्हणजे काय, ते मला कळत नव्हतं असं नाही. स्टँडवरची पोरं त्याला म्हणायची, “काका, मालवणचा भाडा घेतलास, पण वाट गावतली मा? नायतर मलेशियाक पोचशीत!”

दादा म्हणायचा, “पोचलंय तर तुका बायल तिकडचीच बघून देतंय.”

तेही हसायचे, तोही हसायचा. पण वर्षानुवर्षं त्याच्याच गाडीने कोल्हापूरला जाणारं डॉक्टरांचं कुटुंब आता दुसऱ्याला बोलावतं. वय झालं त्यांचं, म्हणतात. मी ऐकलं आणि गप्प बसलो.

रविवारी मी गावच्या घरी, दादाकडे होतो, तेव्हा मुलीचा फोन आला. गणपतीला येतेय. “बाबा, काकांना मोपाला पाठवू नका हां. मी विमानतळावरून ऑनलाइन गाडी बुक करते. त्यांना वाईट वाटेल, पण रस्ता चुकले तर?”

दादा खाली अंगणात होता. गाडीच्या सीटची कव्हरं धुऊन वाळत घातली होती, तिच्यासाठी.

तेव्हा मी सांगितलं. सगळं, त्या ‘नाही’सकट.  तिने विचारलं, “काकांनी ऐकलं होतं?”

“ऐकलं.”

“आणि तुम्ही माझ्याबरोबर हाका मारत फिरलात.”

“हो.”

“काकांनाच पाठवा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. न बोलू दे.

बायको म्हणते, आता कशाला उकरून काढलंत, घरातली लाज वेशीवर टांगायची काय गरज होती? दादाची लाज मी गावभर टांगली तेव्हा कोणाला गरज विचारावीशी वाटली नाही. आता माझी पाळी आहे. मी टांगणार.

दादाला खाली जाऊन सांगितलं की मी तिला खरं सांगितलंय. तो चिडला. “कित्याक सांगितलंस? पोर आता तुझ्याकडे कशी बघतली?”

“बघूंदे तशी.”

“झाला ता झाला. आता गप ऱ्हव.”

“नाय ऱ्हवणार,” मी म्हटलं. त्याच्यासाठी म्हणून मी पहिल्यांदाच त्याला उलट बोललो. तो कव्हरं उचलून आत गेला.

हे लिहिलं, कारण लिहिणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं. पण लिहिल्याने काही फिटलं असं मी मानत नाही. स्टँडवरची पोरं वाचत नाहीत आणि डॉक्टरांना वेळ नसतो. दादा समोर उभा असताना, भर स्टँडवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं मला बोलायचं आहे, की हा माझा भाऊ, हा रस्ता चुकला नव्हता, मला याची लाज वाटली म्हणून मी याला नाकारलं. ते अजून बोललेलो नाही. दादाची माफीही अजून मागितलेली नाही. दोन्ही माझ्यावरचं देणं आहे.