पळसकोंडचे दोनशे पास

आमच्या हैबतीकाकांना फुकट काही दिलंत, की त्यांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. दुकानदाराने साबणावर साबण फुकट दिला तर काका आधी पहिल्या साबणाचं वजन करून बघतील. लग्नात कोणी आग्रहाने दुसरा लाडू वाढला तर यांना वाटणार, सकाळचे उरलेत. असा माणूस! मी त्यांची पुतणी, त्यांच्याच अंगणात वाढले, म्हणून हक्काने सांगते. जीव आहे माझा त्यांच्यावर, पण या स्वभावापायी कित्येकदा माझं डोकं फिरलंय.

तसं त्यांच्याही बाजूने बोलायला हवं. काही वर्षांपूर्वी वाडीत एक एजंट आला होता. आंबेनळी घाट चढून सगळ्यांना महाबळेश्वर दाखवतो म्हणाला, फुकट. जेवणही फुकट. गाडीत बसताना हजेरीचा म्हणून एक कागद फिरवला, त्यावर माझ्या वडलांसकट अकरा जणांनी सह्या केल्या. पुढे कळलं की तो कागद हजेरीचा नव्हताच, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतून रस्ता द्यायला संमती होती. आमची सहा हापूसची कलमं त्या रस्त्यात गेली. काका तेवढे गाडीत चढले नव्हते. तेव्हापासून वाडीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

वाडी म्हणजे पळसकोंड, पोलादपूरच्या वरच्या अंगाला. ओढा ओलांडला की धारेची वाडी. दोन्ही गावांची कबड्डीची मंडळं, आणि दरवर्षीच्या स्पर्धेत डोंगर गटात या दोघांचा सामना चाळीस वर्षं चालत आलेला. मुंबईला कामाला असलेली माणसं एक वेळ सणाला येणार नाहीत, पण या सामन्याला येतात. काका तरुणपणी कोपऱ्यात उभे राहायचे, आणि धारेच्या वाडीचे सदूकाका चढाईला यायचे. एकदा काकांनी सदूकाकांचा घोटा असा धरला, की तो वर्षभर दुखत होता. सदूकाकांनी पुढच्या वर्षी काकांचा दात पाडला. झालं, तेव्हापासून मैत्री. पण मैत्री तरी कसली म्हणायची? एकमेकांच्या घरी पाणी प्यायला जात नाहीत. सामन्याच्या दिवशी तेवढे गॅलरीत मांडीला मांडी लावून बसतात आणि दिवसभर एकमेकांच्या गावाला शिव्या घालतात. वर्षाचं बोलणं एका दिवसात.

दोन वर्षांपूर्वी महाडला स्पर्धेची नवीन समिती आली. मॅट आली, मोबाईलवर सामने दाखवायचं ठरलं, आणि दाखवायचं तर गॅलरी भरलेली पाहिजे. म्हणून प्रत्येक गावाला दोनशे फुकट पास निघाले. आमच्याकडे ते घेऊन आला मंगेश नावाचा तरुण, समितीचा टी-शर्ट घालून, मोटारसायकलवरून. काका मंडळाचे अध्यक्ष. मंगेशने सुतळीने बांधलेलं पुडकं ओटीवर ठेवलं आणि पोचपावतीचा कागद पुढे केला.

काकांनी पुडक्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग मंगेशच्या चपलांकडे पाहिलं. सही कशाला लागते, त्यांनी विचारलं. पास मिळाले म्हणून, मंगेश म्हणाला. आम्ही मागितले होते का, काका म्हणाले. तो बिचारा म्हणाला, बरं सही नको, एक फोटो काढतो. मग तर विचारूच नका! काकांनी त्याला अंगणाच्या बाहेर नेऊन सोडला.

पुडकं काकांनी माळ्यावर टाकलं. सुतळीसुद्धा सोडली नाही. मी म्हटलं, काका, उघडून बघू तरी. तर म्हणाले, "साक्षे, ज्यानं तिकीट फुकट केलंय, त्यो दुसरं कायतरी इकतोय. त्यात हात घालू नको गो." मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच पटलं. पोलादपूरला झेरॉक्सच्या दुकानात बसते मी, दिवसभर माणसं न वाचता सह्या करताना बघते.

मग काका घरोघर फिरले. आपली पोरं खेळणार, ती आपण फुकटात बघायची नाहीत, तिकीट काढून बघायची. तीस रुपये तिकीट. कोणी कां कूं केलं नाही. सामन्याच्या दिवशी दोन टेम्पो आणि मुंबईहून आलेल्यांच्या गाड्या भरून आम्ही पोलादपूरला उतरलो, बायकामाणसांसकट दोनशेच्या वर.

गेटवर दोन रांगा होत्या, एक पासवाल्यांची, एक तिकिटाची. धारेची वाडी सगळी पासच्या रांगेत. काका त्यांच्याकडे असे बघत होते की जणू ती माणसं आता जमिनी लिहून देणार आहेत. तेवढ्यात सदूकाका रांग सोडून आमच्याकडे आले. तुमचे पास कुठे आहेत, त्यांनी विचारलं. काका म्हणाले, आहेत जागेवर. सदूकाका म्हणाले, मग त्यावरच आत जा, तिकीट नका काढू. काकांनी मान फिरवली. सदूकाकांनी दुसऱ्यांदा सांगितलं, मग काकांचा हात धरला.

"हैबत्या, ऐक माझं. पासावरनं गाव मोजत्यात."

"तुला कमिशन किती मिळतंय रे?" काका म्हणाले.

सदूकाकांनी हात सोडला आणि आपल्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी ते आमच्या शेजारी बसले नाहीत. काका मला म्हणाले, बघ, आपण ओळखलं म्हटल्यावर कसा गेला. मी सगळं कानांनी ऐकलं होतं. मलाही वाटलं, सदूकाकांचं काहीतरी आहे.

सामना आम्ही तीन गुणांनी जिंकला. घसे बसले आमचे. परत येताना टेम्पोत काका नाचले, बासष्टाव्या वर्षी.

आठ दिवसांनी मोबाईलवर यादी आली. समितीने गट नव्याने पाडले होते. धारेची वाडी डोंगर गटातच. पळसकोंड खाडी गटात. म्हणजे आमचे सामने आता महाडच्याही पलीकडे, खाडीकाठच्या मैदानावर, ज्यांची नावंही आम्हाला धड माहीत नाहीत अशा गावांशी. धारेच्या वाडीशी सामना नाही.

काका आणि मी सकाळच्या एस.टी.ने महाडला समितीच्या ऑफिसात गेलो. तिथे प्रियदर्शिनी नावाच्या बाई होत्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी वही काढली. ज्या गावाचे प्रेक्षक कमी, त्याचा संघ हलवायचा, असा नियम होता. प्रेक्षक मोजायचे गावाचा शिक्का असलेल्या पासांवरून. धारेची वाडी, एकशे चौऱ्याऐंशी. पळसकोंड, शून्य.

काका म्हणाले, आम्ही दोनशे माणसं होतो. बाई म्हणाल्या, असाल, व्हिडिओत गॅलरी भरलेली दिसते, पण तिकिटावर गावाचं नाव नसतं. नियमाचं पत्र प्रत्येक पुडक्यात पाठवलं होतं, वाचलं नाहीत का? काका माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून पुडकं काढलं. सुतळीची गाठ सुटेना, कमळाकाकीने विळीवर कापली. वरच पत्र होतं. मी मोठ्याने वाचलं, सगळं, खालच्या तारखेसकट. काकांनी पिवळे पास हातात घेऊन पाहिले. सगळ्यांवर पळसकोंडचा शिक्का, जांभळा, ठळक.

"सद्या सांगत हुता," काका म्हणाले. रात्री जेवले नाहीत. काकीने मला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नको. आणि काय बोलणार होते मी? गेटवर मी मध्ये पडले असते तर? सदूकाका कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं, तरी मी गप्प राहिले. त्याची मला अजून लाज वाटते.

वर्ष गेलं. खाडीच्या मैदानावर आमच्या पोरांबरोबर सात माणसं गेली, मुंबईहून एकही नाही. तिकडे धारेच्या वाडीचंही तेच झालं. पळसकोंडच नाही तर यायचं कशाला, असं त्यांचे मुंबईकर म्हणायला लागले. यंदा गर्दी झाली नाही तर त्यांनाही हलवणार, अशी कुणकुण दुकानात माझ्या कानावर आली. मी ती काकांना सांगितली.

धारेच्या वाडीच्या सामन्याच्या दिवशी सकाळी अंगणात बघते तर काका कडक इस्त्रीचा सदरा घालून उभे. त्यांच्यामागे काकी, आणि वाडीतली तीसेक माणसं. कुठे निघालात म्हणून कोणी विचारलं नाही. मीही चपला घातल्या.

या वर्षी पास गेटवरच मिळत होते. टेबलाशी कॉलेजातली मुलगी बसली होती, पुढ्यात गावागावांचे शिक्के मांडून. काका पुढे झाले. तिने विचारलं, आजोबा, कुठलं गाव?

मागे रांग खोळंबली. तिने परत विचारलं. मला वाटलं, आता हे तिला विचारणार, तुला कशाला पाहिजे.

"धारेची वाडी," काका म्हणाले.

तिने शिक्का मारून पास दिला. काकांनी तो नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मागे न बघता आत गेले. मग काकी पुढे झाली, तिनेही तेच सांगितलं. माझी पाळी आली. पळसकोंडची मी, जन्मापासूनची. मुलगी माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, धारेची वाडी.