कपाटात जपलेला पॉवर सप्लाय

आमच्या घरात नवी वस्तू वापरणं हा गुन्हा आहे. नव्या चादरी कपाटात, पाहुण्यांचे कप कपाटात, आणि आम्ही विरलेल्या चादरीवर झोपून कान तुटलेल्या कपातून चहा पिणार. आयुष्यभर मी याला हसत आले. यंदा मात्र असा संताप आला की तो अजून उतरलेला नाही.

बाबांची नजर काचबिंदूने गेली. सगळी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेली, त्यामुळे पेपराशिवाय त्यांना चैन पडेना. ते धायरीला दादाकडे राहतात. मी तिथे तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवून दिला. तो सुरू झाला की पेपरातल्या बातम्या पहिलीपासून मोठ्याने वाचतो. पडदा नाही, नुसता स्पीकर. पॉवर सप्लाय मी मुद्दाम पारखून घेतला होता: पाच व्होल्ट, तीन अँपिअर, जाड आणि आखूड वायरचा. कामाच्या भरात या यंत्राला एकदम जास्त वीज लागते, ती कमी पडली की ते बंद पडून पुन्हा सुरू होतं. हे सगळं दादाला समजावलं. त्याने मान डोलावली.

मी खडकीला घरी पोचते न पोचते तोच त्याने तो सप्लाय काढून खोक्यात घातला आणि मोबाइलचा जुना चार्जर लावला. त्यावर पासष्ट वॉट लिहिलं होतं ना, मग झालं. अरे, ते पासष्ट त्या मोबाइलपुरते. दुसरं काही जोडलं की असला चार्जर हात आखडता घेतो.

मग बाबा जेवताना सांगायला लागले, आज तीच बातमी दोनदा लागली. कधी तीनदा. दादा आणि वहिनी एकमेकांकडे बघायचे. मला फोनवर हळू आवाजात कळवण्यात आलं की बाबांना हल्ली विसरायला होतंय. त्यांचं एकट्याने खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसणं बंद झालं. एका रविवारी मी गेले, तर वहिनी त्यांना बाळाला विचारावं तसं विचारत होती, आमटी कुणी खाल्ली, आणि बाबा निमूटपणे उत्तर देत होते. माझं डोकं फिरलं.

मी यंत्र टीव्हीला जोडलं. कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण आली, म्हणजे वीज कमी पडतेय. चौथ्या बातमीला पडदा काळा झाला आणि वाचन पुन्हा पहिल्या बातमीपासून सुरू झालं. बाबा सांगत होते ते शब्दन्‌शब्द खरं होतं.

सप्लाय कुठे आहे विचारल्यावर दादाने नव्या चादरींखालून खोकं काढलं.

"नवीन होता, म्हणून जपून ठेवला. जुना चालत होता की."

चालत होता! मी त्याला नाही नाही ते बोलले. वस्तू जपलीस आणि बापाला खुळ्यात काढलंस, इथपर्यंत बोलले, आणि त्यातला एकही शब्द मला आजही परत घ्यायचा नाही. दादा चिडून म्हणाला की एवढ्याशा चार्जरवरून काय तमाशा. मी आणखी बोलणार, तेवढ्यात बाबांनी चाचपडत माझा हात धरला.

"त्याला नको बोलूस. हल्ली मलासुद्धा माझं खरं वाटत नव्हतं."