काटा सर आणि भिजलेली वाळू

काटा सर माणसांवर कधी रागावले नाहीत. त्यांचा सगळा राग वस्तूंवर निघायचा. वाकडा खिळा दिसला की तळहातावर घेऊन त्याला दोन मिनिटं सुनवायचे. रंधा मारूनही सरळ न होणारी फळी कोपऱ्यात उभी करायचे आणि म्हणायचे, "ऱ्हा हितंच. विचार कर जरा." आम्ही हसून लोळायचो. आता ते आठवलं की मला हसू येत नाही, चीड येते. ज्या दोन-चार माणसांवर त्यांनी खरोखर रागवायला हवं होतं, त्यांच्यावरही ते रागावले नाहीत. त्यातली एक मी आहे.

मळवलीच्या अलीकडे आमची शाळा. सर तिथे कार्यानुभव शिकवायचे, तासिका तत्त्वावर; म्हणजे नेमणूक कायमची नाही आणि स्टाफरूममध्ये खुर्ची मिळाली तर मिळाली. ते जवळच्या बेडसे गावचे, सुताराच्या घरातले. खांद्याला भाताची पोती तोलायचा लटकता काटा असायचा, म्हणून काटा सर. इतर शाळांत या विषयाला कागदाची फुलं करतात. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "फुलं झाडाला येत्यात. आपण दुसरं कायतरी करू."

ते दुसरं काहीतरी नववीत सापडलं. इतिहासाच्या बाई रजेवर होत्या म्हणून सर तासाला आले. तोफा नव्हत्या तेव्हा किल्ल्याचा तट कसा फोडायचे, असं मी विचारलं. खिडकीतून विसापूरचा तट दिसत होता. सरांनी पुस्तक चाळलं, त्यात चित्र नव्हतं, मग पुस्तकालाच झापलं. नंतर फळ्यावर मंजनीक नावाचं यंत्र काढलं. एक लांब दांडा, मधे आस. दांड्याच्या आखूड टोकाला जड पेटी, लांब टोकाला गोफण. दोरी सोडली की पेटी दाणकन खाली येते, गोफण वर जाते आणि धोंडा सुटतो. मी म्हटलं, "सर, हे खरंच चालतं?" ते म्हणाले, "सांगून कळायचं न्हाई. करूनच बघू."

चार महिने आम्ही तेच केलं. लोणावळ्यात एक जुना बंगला पाडत होते, तिथले वासे आणले. मोडक्या बैलगाडीचा आस मिळाला. धोंडा वापरायला सरांची सक्त मनाई होती. चिखलात भाताचा तूस मळून आम्ही नारळाएवढे गोळे केले आणि वाळवले. पेटीत वाळू भरायची, तीही घमेल्या-घमेल्यानं काट्याला लावून. वाळू किती, गोळा कुठे पडला, हे रोज भिंतीवर खडूनं लिहायचं. मैदानाच्या टोकाला पत्र्याचा तट उभा केला होता. पहिले पंधरा गोळे नुसते मंजनीकाच्याच पायाशी पडले. सोळावा तटावर आदळला, तेव्हा सरांनी पेटीवर थाप मारली आणि तिला म्हणाले, "आता कसं शहाण्यावानी."

त्यांचे नियम दोनच. "वजन केल्याबिगर दोरी सोडायची न्हाई," हा पहिला. दुसरा मला फार आवडायचा. ज्याच्या हातात दोरी, हुकूम त्याचाच. "मी जरी सोड म्हनलो आन् तुझं मन न्हाई म्हनलं, तर सोडू नगं," असं सांगून त्यांनी दोरी माझ्याकडे दिली. का, तर मी एकदा त्यांना तोंडावर "सर, तुमचं मोजमाप चुकलंय," असं म्हटलं होतं आणि ते खरंच चुकलं होतं.

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष हे आमचे साहेब. आमचे म्हणजे अक्षरशः; मळवलीला त्यांचा बंगला आहे आणि माझे वडील, आप्पा, तो सांभाळतात. आवारातल्या दोन खोल्यांत मी वाढले. शनिवारी गाडी आली की पळत जाऊन फाटक उघडायचं, पिशव्या घ्यायच्या, साहेबांनी हात पुढे केला की किल्ली द्यायची. हे मला कुणी शिकवलं नाही, अंगवळणीच पडलं होतं.

वार्षिक समारंभात मंजनीक दाखवायचं ठरलं. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला. सरांनी पेटीवर ताडपत्री बांधलेली होती. ती मुख्याध्यापकांनी संध्याकाळीच काढून नेली, पाहुण्यांचे सोफे भिजू नयेत म्हणून. सोफे कोरडे राहिले. पेटीतली वाळू रात्रभर पाणी पीत राहिली. सकाळी सरांनी मूठभर वाळू हातात दाबली, पाणी निथळलं. "समदं उपसून परत तोलायला पायजे," ते म्हणाले आणि आम्ही घमेली आणायला धावलो. तेवढ्यात साहेब आले, दोन तास उशिरा आणि तरी घाईत. सोबत पाहुणे, आणि पाहुण्यांची पांढरीशुभ्र गाडी थेट मैदानात, तटाच्या मागे उभी केलेली.

सर हात जोडून म्हणाले, "साहेब, धा मिन्टं द्या. वाळू भिजलीय, वजन वाढलंय."

साहेब हसले. "मास्तर, आपण काय सोनं तोलतोय का? चला, फोटो घ्या."

आणि त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी दोरी दिली.

माझं मन न्हाई म्हणत होतं, स्वच्छ म्हणत होतं. पण हात साहेबांचा होता आणि त्या हातात जे मागितलं ते द्यायचं, एवढंच माझ्या हाताला माहीत होतं. सर "थांबा" म्हणेपर्यंत साहेबांनी दोरी सोडलीही. गोळा तटावरून निघून गेला आणि गाडीच्या काचेतून आत शिरला. आत कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

पुढचं सांगताना आजही माझे दात आवळले जातात. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. कागद तयार होता. सरांनी हुकूम केला म्हणून मी दोरी सोडली, असं त्यात लिहिलेलं. साहेबांचं नाव कुठेच नाही, ताडपत्रीचं तर नाहीच. घरी आप्पांनी मान खाली घालून सांगितलं होतं, "सही कर. आपण ऱ्हातो कुटं, ते ध्यानात ठिव." मी सही केली. सोमवारपासून सर आले नाहीत. हत्यारं न्यायला एकदाच आले, तेव्हा मी पाण्याच्या टाकीमागे लपून बसले.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आता मी परंदवडीजवळ एका कारखान्यात यंत्रांचे तयार भाग मापून पास-नापास करते. यंदा शाळेनं माजी विद्यार्थिनी म्हणून सत्काराला बोलावलं. फाटकातच मंजनीक उभं होतं, ऑइलपेंट मारलेलं. पेटीत शेवंती लावलेली. गोफण चुकीच्या टोकाला, पेटीच्या बाजूला बांधलेली. खाली संगमरवरी पाटी: 'मा. अध्यक्षांच्या संकल्पनेतून साकार'. मी शाल न घेता तशीच परत फिरले. निर्लज्जपणालाही काही माप असतं, असं मला तोवर वाटायचं.

घरी येऊन जे घडलं ते सगळं लिहून काढलं. ताडपत्री, वाळू, साहेबांचा हात, माझा हात. आणि तो कागद घेऊन बेडशाला गेले.

सर अंगणात दाराची चौकट जोडत होते. केस पिकलेले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मी कागद पुढे केला. त्यांनी सावकाश वाचला, आणि म्हणाले, "हे मला ठावं हाय, रूपाली. सहीच्या आदल्या दिशी तुझं आप्पा आलतं हितं. रडत व्हतं. मीच म्हनलो त्यांना, करू द्या पोरीला सही. माझं काय, माझ्या हातात हत्यार हाय. तुमचं घर जाईल."

अकरा वर्षं मी स्वतःला खात होते, आप्पांशी धड बोलत नव्हते, आणि हे दोघं आपसात ठरवून मोकळे झाले होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "सर, दोरी तुम्ही माझ्या हातात दिली होती," मी म्हटलं. "हुकूम माझा, असं तुम्हीच सांगितलं होतं. मग माझी सही तुम्ही दोघांनी कशी काय ठरवून टाकली? मला विचारलं का?" माझा आवाज इतका चढला की त्यांच्या कारभारीणबाई बाहेर आल्या.

सरांनी चौकटीवरचा भुसा हातानं झटकला. मग म्हणाले, "न्हाई इचारलं. चुकलं माझं."

मला वाटलं होतं, हे ऐकून राग जाईल. तो गेला नाही, अजूनही गेलेला नाही. त्यांच्या भलेपणाचाच मला राग येतो. त्यानं साहेब सुटले, मुख्याध्यापक सुटले आणि मी अडकले.

"हे शाळंला देनार? आप्पांला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं. आप्पा म्हणाले, खोल्या सोडू."

सरांनी चष्मा सरळ केला, कागद पुन्हा वरून खालपर्यंत वाचला, कानामागची पेन्सिल काढून बाजूला ठेवली आणि घरातून पेन मागवून घेतलं.

"नाव घातलंयस," ते म्हणाले, "सही राहिलीय."

मी चौकटीवर कागद ठेवला आणि त्यांच्यादेखत सही केली.